एका कट्ट्याहून जड

सातवीत असताना माझं वजन कमी करायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

पोरींच्या कबड्डीची स्पर्धा होती, नवेगाव बांधच्या पलीकडच्या एका गावी, धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर. गट चाळीस किलोचा. दांडग्या पोरींनी लहान पोरींना चेंगरू नये म्हणून असे गट करतात, असं सरांनी समजावलं होतं. म्हणजे सगळं आमच्या भल्यासाठीच. आमच्याकडे धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, चाळीस किलोचा भरतात. तर एका कट्ट्याहून जड पोरगी चालणार नव्हती, आणि मी जराशी जड होते. पण चढाई करावी तर मीच, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मला तर फारच ठाऊक होतं. पावसाळाभर चिखलात गुडघे फोडून घेतले होते ते काय घरी बसायला?

सर गणिताचे. शिट्टी त्यांच्याकडे होती म्हणून खेळाचेही. माणूस वाईट नव्हता. पोरींना हाफ पँट घालू द्या म्हणून घरोघरी जाऊन बापांशी हुज्जत घालून आला होता. पण वजनाचं त्यांचं गणित साधं होतं. आत काही जाऊ द्यायचं नाही, बाहेर जाईल तेवढं काढायचं. आदल्या दुपारपासून माझं जेवण बंद. स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून पाणीही बंद. बापाचं स्वेटर घालून मैदानाला चकरा मारायच्या आणि थुंकत राहायचं, कारण थुंकीलाही वजन असतं म्हणे. थोड्या वेळानं थुंकीही संपली. मग नुसतं तोंड वाकडं करत पळाले.

ऊन वर आलं तशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी चुन्याच्या रेषेवर मटकन बसले.

"छान," सर म्हणाले. "उतरून राहिलं वजन."

तेवढ्यात माझी माय आली. गावातल्या टेम्पोत बसून, पदराखाली डबा धरून. तिला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. त्यात भांडण असतं एवढं कळत होतं आणि तेवढं तिला पुरत होतं.

"काऊन वं, अशी काऊन बसली?"

माझे ओठ चिकटले होते. मी नुसती मान हलवली. तिनं माझं तोंड हातात धरून पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडली. सर धावतच आले.

"बाई, पाणी नका देऊ! वजन व्हायचं आहे अजून."

"पोट्टी होय मास्तर. वजन त राहीलच."

"वजनानंतर जेवू द्या ना तिला."

"वजनानंतर तुमी जेवा," माय म्हणाली आणि डबा उघडला. भात होता आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. मी खाल्लं. खेळायचं होतं, वजन वाढेल हे कळत होतं, तरी खाल्लं. भूक लागल्यावर अक्कल काय कामाची! सरांनी कपाळाला हात लावला.

वजनासाठी काटा आणला होता तो धान खरेदी केंद्रावरचा, आणि सोबत मापारीही तिथलाच. जन्मभर धान तोललेला माणूस. मी काट्यावर उभी राहिले. तो वाकला, पाहिलं.

"पाऊण किलो जास्त."

सरांचा चेहरा पडला. माझा तर आधीच पडला होता. मापाऱ्याला दया आली की हाताची सवय, कोण जाणे. पण तो म्हणाला, "पाऊण किलो बारदाना वजा. चाळीस. चला, पुढची." बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. इथं पोतं म्हणजे माझे कपडे. सरांनी डोळे मिटून हात जोडले. मी उडी मारून उतरणार, तर माय म्हणाली, "थांब तिथंच."

सगळे थांबले.

"कायचा बारदाना?"

"कपड्यांचा, बाई. पोरीचा फायदाच आहे."

"धानातून कापता थे कमी झालं का? आता पोट्टीतूनबी कापून रायले? पुरी मोजा."

सरांनी तिला समजावलं, हळू आवाजात, मग जोरात. मी आधीच जोरात होते. "माय, चूप बस ना वं!" असं मी साऱ्या मैदानासमोर ओरडले. तिला सगळं समजत होतं. पुरी मोजली तर मी खेळणार नाही, हेही समजत होतं. ती काट्याजवळून हलली नाही. आजूबाजूच्या गावचे लोक जमायला लागले तसा मापारी वैतागला आणि त्यानं माइकवाल्याला ओरडून सांगितलं, "चाळीस आन पाऊण! बाद!"

माय समाधानानं बाजूला झाली.

माझ्या जागी बदली पोरगी उतरली, काडीसारखी. माय बसली होती तिथंच मी बसले, पण तिच्याकडे पाठ करून. पुढच्या वर्षी सरांनी मला सरळ वरच्या गटात टाकलं, आणि त्यानंतर कोणाचंच जेवणपाणी तोडलं नाही. पण ते पुढच्या वर्षी. त्या दिवशी मी नुसती रडले. ती मॅच मला आजही खेळायची आहे, आणि हे मी अगदी खरं सांगते.

"कायले केलं असं?" मी शेवटी विचारलं. "काय मिळालं तुले?"

तिची नजर मॅचवरच होती.

"तू जनमली तवा दवाखान्यात साऱ्या लेकरांचं वजन करून रायले होते. तुयं नाही केलं. मी म्हटलं, सिस्टर, माया पोट्टीचं? त म्हणे, राहू द्या. सकाळपर्यंत जगली त करू."

तेवढ्यात आमची बदली पोरगी पकडीत सापडली आणि धाडकन पडली. माय उठून पंचावर ओरडायला लागली. पंचाची काही चूक नव्हती. तरी मीही उठले आणि तिच्यासोबत ओरडले.