सुरमई इलेव्हनचे नऊ गडी

विमान बहरीनवर उतरायला लागलं तेव्हा खाली हिरवट निळं उथळ पाणी लखलखत होतं, आणि आमचे हे डोळे गच्च मिटून बसले होते.

"अहो, बघा तरी!"

"उतरल्यावर बघतो," ते म्हणाले. "तोपर्यंत ते कुठे जात नाही."

हा माणूस असाच. पोस्टातली नोकरी, शांत डोकं, आणि धावायचं म्हणून माहीत नाही. महाडच्या स्टँडवरून डोळ्यांदेखत एसटी सुटली तरी म्हणणार, "मागून दुसरी येते." मी पदर खोचून कंडक्टरच्या नावानं ओरडत पुढे, आणि हे मागून पिशवी सांभाळत सावकाश. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना एकदाही धावताना पाहिलेलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यावर महाडात अजून कोणी विश्वास ठेवत नाही.

नव्वदच्या दशकातला हिवाळा होता. माझा धाकटा भाऊ मिलिंद बहरीनमधल्या हिद्द गावच्या एका वर्कशॉपमध्ये टेक्निशियन होता आणि कित्येक वर्षं "ताई, ये, ताई, ये" म्हणून मागे लागला होता. मुहर्रकच्या विमानतळावर पहिलीच फजिती झाली. मिलिंदसाठी नेलेल्या सोड्यांचा (सुक्या कोलंबीचा) वास बॅगेबाहेर येत होता. तिथल्या साहेबानं नाक मुरडून विचारलं, हे काय? यांनी पोस्टातल्या इंग्रजीत उत्तर दिलं, "स्मॉल फिश. व्हेरी ड्राय." साहेबाला हसू आवरेना. "यल्ला, यल्ला (चला, चला)," म्हणत त्यानं आम्हाला बाहेर काढलं. बाहेर मिलिंद उभा होता. जय भीम म्हणायचं सोडून त्यानं आधी बॅगच हुंगली आणि माझ्या गळ्यात पडला.

त्याचं घर मनामाच्या जुन्या भागात, नईममध्ये. खाली शिंप्याचं दुकान, शेजारी कोल्ड स्टोअर. आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानाला तिथे कोल्ड स्टोअर म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस नुसतं खाण्यात आणि हिंडण्यात गेले. सकाळी खुबूस (तिथली भट्टीतली मोठी रोटी) गरमगरम आणायची, तिच्याबरोबर माझी भावजय सुजाता सोड्यांचं कालवण करायची, आणि यांची जी समाधी लागायची ती दुपारपर्यंत. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या पाहिल्या. उंच भिंती, कोरीव दारं, आणि वारा खाली ओढून घेणारे चौकोनी मनोरे. "बघा, यांच्याकडे वारासुद्धा घरपोच," हे म्हणाले. पोस्टातला माणूस, दुसरं काय सुचणार!

गुरुवारी संध्याकाळी मिलिंद आम्हाला हिद्दला घेऊन गेला. "ताई, लतीफभाईंना भेट. रविवारी तुमच्याच विमानानं ते कायमचे गावी चाललेत."

लतीफभाई रत्नागिरीकडचे. वर्कशॉपमध्ये फिटर, डोकीचे केस पांढरे, पण दंड बघावेत तर पैलवानाचे. चौघांच्या खोलीत त्यांची एक खाट. बांधाबांध झालेली होती. भिंतीवर एका खिळ्याला चामड्याचा एक काळपट जाडजूड हातमोजा तेवढा लटकत होता, आणि टेबलावर फूटभर उंचीचा पितळी कप.

"हा कप कसला?" मी विचारलं.

"बेसबॉलचा, ताई," मिलिंद म्हणाला. "आमची टीम. सुरमई इलेव्हन."

"बेसबॉलला अकरा जण लागतात?"

"नऊ," लतीफभाई म्हणाले. "पण नाव देताना मी इलेव्हन लावलं. त्याशिवाय टीम वाटतच नाय!"

मग करक चहा (दाट उकळलेला वेलचीचा चहा) आला आणि त्याबरोबर लतीफभाईंच्या तोंडून सगळा इतिहासही. त्यांचा उस्ताद एक कोरियन फोरमन. तरुणपणी आपल्या देशात तो पगारी बेसबॉल खेळाडू होता, मोठ्या स्टेडियममध्ये, हजारो लोकांपुढे. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला आणि वेल्डिंग करत करत तो बहरीनला पोचला.

"आम्ही दुपारच्या सुट्टीत टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायचो, नि हा लांबून बघायचा. एक दिवस मी पार टोकावरून फेकून थेट स्टंप उडवला. हा आला, माझा खांदा दाबून बघितला, बाजारात बैल बघतात तसा. म्हणाला, कुठे शिकलास? म्हटलं, आंबे पाडताना."

त्यानं या कोकणी पोरांना बेसबॉल शिकवायला घेतलं. ते काय सोपं होतं? हातमोजे काढून ठेवून पोरं नुसत्या हातांनी झेल घ्यायची. चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची असते, पोरं बॅट घेऊन पळायची आणि बेसजवळ (धावत गाठायच्या कोपऱ्याजवळ) गेली की क्रिकेटसारखी बॅट टेकवायची. बेसला तर पाय लागावा लागतो.

"उस्ताद डोक्याला हात लावून बसायचा," लतीफभाई हसत म्हणाले. "नि ओरडायचा, नो बॅट! फूट! फूट! बॅट नको, पाय! पाय! झोपेतसुद्धा ऐकू यायचं."

पहिल्या वर्षी सगळे सामने हरले. फिलिपिनो हरवून गेले, जपानी हरवून गेले, अमेरिकन तर हसत हसत हरवून गेले. पण हळूहळू जम बसला. मारायला कमी पडले तरी फेकायला त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गेली दोन वर्षं कप सुरमईचाच. कोल्ड स्टोअरवाला जर्सी द्यायचा आणि जिंकल्यावर बिर्याणीचा हंडा. "बिर्याणी मिळते, म्हणजे आम्ही पण प्रोफेशनलच," मिलिंद म्हणाला.

"नि उस्ताद?" मी विचारलं.

"तो पहिला कप बघायच्या आधीच परत गेला," लतीफभाईंनी खिळ्यावरच्या हातमोज्याकडे पाहिलं. "जाताना हा मला दिला. ताई, तीन वर्षं लागोपाठ जिंकलं तर कप कायमचा आपला होतो. उद्या फायनल. मग माझं इथलं खलास (संपलं). तेवढं एकदा बघून विमानात बसायचं आहे."

एवढा गडगडाटी माणूस, पण हे बोलताना कपावरची नसलेली धूळ पुसत राहिला. तेवढ्यात दारात निरोप आला की त्यांच्या एका गड्याची शिफ्ट बदलली, उद्या सकाळी तो येऊ शकत नाही. आठच उरले. नऊ नसले तर न खेळताच हार.

मग एकेकाची नजर हळूहळू आमच्या ह्यांच्याकडे वळली. हे बिचारे बशीत चहा ओतत होते.

"दाजी," मिलिंद म्हणाला, "तुम्ही पोस्टाच्या क्रिकेट टीममध्ये होतात ना?"

"होतो की," हे म्हणाले.

"स्कोअर लिहायला," मी म्हटलं.

"कधीमधी बॅटिंगही मिळायची," यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, बशी खाली ठेवली आणि लतीफभाईंना म्हणाले, "किती वाजता यायचं?"

मैदान समुद्राला लागून, भराव टाकून केलेलं. गवताची काडी नाही. लांब टोकाला पिंपं ओळीनं मांडलेली, ती म्हणजे कुंपण. चार कोपऱ्यांवर चार बेस. शुक्रवार होता, जुम्याच्या नमाजाआधी सामना संपवायचा असं ठरलेलं, म्हणून सकाळीच सुरुवात. समोर फिलिपिनोंची टीम, चपळ पोरं, सारखी हसणारी. अंपायर एक पोट सुटलेला अमेरिकन. आमचे हे इस्त्रीची पँट, पोस्टाचे काळे बूट आणि वरून सुरमईची जर्सी अशा थाटात उतरले. लतीफभाईंनी यांना सर्वांत लांब, जिथे चेंडू सहसा जात नाही तिथे उभं केलं. तिथे हे छान ऊन खात उभे राहिले.

मला खेळ कळायला वेळ लागला नाही. शेवटी काय, मारा, धावा आणि घरी परत या. पण सामना असा काही रंगला की मी सोबत नेलेला डबा उघडायचंच विसरले. शेवटच्या डावात सुरमई एका धावेनं मागे. दोन गडी बाद. लतीफभाई मारून दुसऱ्या बेसपर्यंत पोचलेले. अजून एक बाद झाला की खेळ संपला. आणि बॅट हातात घेऊन निघाले कोण? आमचे हे!

मी छत्री घट्ट धरली.

पहिला चेंडू यांनी बॅट उचलून रुबाबात सोडून दिला. अंपायर ओरडला, स्ट्राइक. दुसरा यांनी हलकेच मागे वळवला. क्रिकेटमध्ये टाळ्या पडल्या असत्या, इथे तो फाउल. तीनपैकी दोन संधी गेल्या. लतीफभाई दुसऱ्या बेसवर गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते, आणि त्यांची नजर यांच्यावर अशी खिळलेली की मला ते बघवेना.

तिसरा चेंडू आला. यांनी पाय पुढे टाकला आणि आडवी बॅट फिरवली. ठाक! चेंडू वर गेला, आणखी वर, आणि पिंपांवरून पलीकडे समुद्राच्या बाजूला दिसेनासा झाला.

अगं बाई! मी छत्री फेकली. मैदानावर एकच गदारोळ. लतीफभाई धावत घरच्या बेसवर पोचले, बरोबरी झाली. आता यांनी चारही बेसना पाय लावून परत यायचं, की जिंकलो! आणि हे?

हे जागचे हललेच नाहीत. बॅट वर करून चारी दिशांना दाखवली. मग ती काखेत मारली, हात झाडले आणि सामना जिंकून दिलेल्या फलंदाजाच्या ऐटीत, सावकाश, थेट आमची टीम बसायची त्या तंबूकडे चालायला लागले. षटकार मारल्यावर कोण धावतं? आदल्या संध्याकाळी मिलिंदनं यांना सगळं शिकवलं होतं, फक्त चेंडू कुंपणापार गेला तर काय करायचं ते सोडून. तसं होईल असं कोणाच्या मनातच नव्हतं, माझ्या तर नाहीच नाही.

"दाजी, धावा! धावा!" सगळे ओरडत होते. फिलिपिनोसुद्धा हसत हसत "दाजी! दाजी!" करत होते. यांना वाटलं, कौतुक चाललंय. हात हलवून दाखवला!

मी धावत पुढे गेले. मागून मिलिंद किंचाळला, "ताई, हात लावू नकोस! आपल्यापैकी कोणी हात लावला तर आऊट! नि ते तंबूत शिरले तरी आऊट! सगळंच गेलं मग!"

आता या माणसाला हात न लावता कसं वळवायचं? मी वाटेत उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, आणि महाडच्या स्टँडवर घुमावा तसा आवाज काढला. "अहो! घरात पाऊल टाकायचं नाही! आधी फिरून या!"

हे थबकले. या आवाजापुढे ते आजवर एक पाऊल पुढे गेलेले नाहीत. "काय झालं?"

"धावायचंय!"

"आता? चेंडू तर गेला."

तेवढ्यात लतीफभाई आले. हात पाठीमागे बांधून घेतलेले, चुकूनही धक्का लागू नये म्हणून. "दाजी," ते धापा टाकत म्हणाले, "माझ्यासंगती चला. एक चक्कर. माझ्यासाठी."

यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. आणि माझे हे, एसटीमागे कधी न धावलेले, धावले! बॅट काखेतच. त्यांच्या शेजारून, रेघेच्या बाहेरून, लतीफभाई. पहिला बेस आला, यांनी सवयीनं वाकून बॅट टेकवली. "बॅट नको, पाय! पाय!" लतीफभाई गरजले. यांनी पाय टेकवला. दुसरा बेस, पाय. तिसरा बेस. पुढे एक पोस्टाचा काळा बूट सुटून मागे राहिला, तरी हे थांबले नाहीत. लतीफभाई रडत होते की हसत होते ते मला कळलं नाही, मी स्वतः दोन्ही करत होते. एका पायात मोजा, अशा थाटात हे घरी पोचले. अंपायरनं दोन्ही हात पसरले, म्हणजे धाव पक्की. सुरमई जिंकली!

फिलिपिनोंनीच यांना खांद्यावर घेतलं. बूटही त्यांनीच आणून दिला. नमाज झाल्यावर बिर्याणीचा हंडा उघडला, त्यात हरलेली टीमही आमच्याबरोबर जेवली.

संध्याकाळी प्रश्न निघाला, कप आता कायमचा आपला, पण ठेवायचा कुठे? खोली कंपनीची, भिंत कंपनीची, आणि आज ना उद्या सगळ्यांनाच जायचं. मिलिंदनं कप एका टॉवेलात गुंडाळला आणि लतीफभाईंच्या बॅगेत ठेवला. लतीफभाईंनी खिळ्यावरचा हातमोजा काढून मिलिंदच्या हातात दिला.

मुंबईला कस्टमवाल्यानं कप उलटासुलटा करून पाहिला. "सोनं आहे?"

"पितळ, साहेब. बेसबॉलचा," लतीफभाई म्हणाले आणि ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "हे आमचे मेन प्लेअर." साहेबानं यांना खालीवर न्याहाळलं आणि मुकाट्यानं बॅगेवर खडू मारला.

परदेश बघून आलेली माणसं तिथल्या इमारती सांगतात, रस्ते सांगतात. तेही पाहिलं, छान होतं. पण मला बहरीन म्हटलं की एक पांढऱ्या केसांचा माणूस आठवतो. जिथे त्याचं म्हणून काहीच राहणार नव्हतं, तिथून तो हात मागे बांधून आपल्या माणसाबरोबर शेवटची चक्कर मारून आला.

पुढच्या उन्हाळ्यात लतीफभाईंनी आंबे खायला बोलावलं. ओट्यावर बसलो होतो. आत शोकेसमध्ये कप चकचकत होता, अंगणात वाडीतली पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळत होती. एकानं चेंडू गडग्यापार (दगडी कुंपणापार) मारला, आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, "दाजी! दाजी!"

आम्ही चमकून पाहिलं. मारणारा पोरगा अंगणाला चक्कर मारायला धावत सुटला होता.

"इथे तसाच कायदा हाय," लतीफभाई म्हणाले. "सिक्सर मारला तर दाजी पुरा करायचा. चारी कोपऱ्यांना पाय लागल्याशिवाय रन नाय."

पोरगा पहिल्या कोपऱ्यावर पोचला आणि वाकून बॅट टेकवायला लागला. माझ्या शेजारी आंब्याची कोय चोखत बसलेले हे ताडकन उठले, रसानं माखलेला हात हवेत नाचवत अंगणात धावले, आणि ओरडले, "बॅट नको रे! पाय! पाय!"