रावकाकांचे शब्द आणि अक्का

अक्कांना एखाद्या गोष्टीची किळस आली की त्या काही बोलत नसत, उठून हात धुऊन येत. साबण लावून, मनगटापर्यंत. फोनवर कुणी गोडगोड बोलून विमा गळ्यात मारू लागला तरी फोन ठेवून आधी बेसिनकडे. "कान धुता येत नाहीत मा," त्या म्हणत, "म्हणून हात."

पेरुंगुडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहत. तंजावरी मराठी घरातल्या, तिरुवल्लिकेणीत वाढलेल्या, एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. 'मी येत्यें', 'कोठे गेली होतीस?' असं त्यांचं जुनं मराठी, आणि सूर मात्र सगळा तमिळ, बोलता बोलता लाडानं 'मा' लावणारा. मी नाशिकहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी या तमिळ मुलखात आलेली. माझ्या बोलण्याला त्या 'पेपरातलं मराठी' म्हणत आणि ते नीट कळावं म्हणून मान तिरकी करून ऐकत.

त्यांचे यजमान, रावकाका, अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळले होते. त्यांना समजत सगळं होतं, पण तोंडात भलताच शब्द येई. पाणी हवं असलं की 'मंगळवार'. पंखा बंद करा म्हणजे 'वकील'. आणि कुठे दुखायला लागलं की 'शाबास'. बघायला येणाऱ्यांना हसू आवरत नसे. अक्का हसत नसत. नवा शब्द आला की त्या काकांच्या उशाशी बसत, एकेक वस्तू पुढे करत आणि अर्थ लागेपर्यंत उठत नसत. मग तो शब्द, त्याचा अर्थ आणि काकांच्या आवाजातला त्याचा उच्चार टॅबवर जपून ठेवत. नोंदी ठेवायचं ते ॲप फुकट होतं, देखणं होतं, मराठी आणि तमिळ दोन्ही घेत होतं. "मी नसले तर दुसऱ्या कोणाला तरी कळायला हवं ना," त्या म्हणत. तेव्हा ते अर्थ त्यांच्या एकट्यांनाच ठाऊक होते.

पुढे त्या कंपनीनं ॲप बंद करायचं ठरवलं. तसं पत्र आलं, गोड भाषेतलं. आपल्या नोंदी उतरवून घ्या, म्हणे. पत्रात सांगितलं तसं अक्कांनी बटण दाबलं, फाइल उतरवली, पेन ड्राइव्हवर घातली आणि समाधानानं मला म्हणाल्या, "सगळं घेतलं मा, काही राहिलं नाही." फाइलला नाव होतं, आकार होता. आणखी काय बघायचं असतं माणसानं?

थोड्याच दिवसांत अक्का बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून जाताना माझा हात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "यांचं सगळं त्या फाइलीत आहे. सेल्वीला दाखव." सेल्वी म्हणजे काकांना सांभाळायला नेमकी त्याच सकाळी कामाला लागलेली बाई.

मी टॅब उघडला. ॲपच्या जागी रंगीत फुग्यांचं चित्र आणि 'आमच्या प्रवासात सामील झाल्याबद्दल आभार'. पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली, तर नुसती चिन्हांची खिचडी. ऑफिसातल्या जाणत्या मित्राला पाठवली. त्याचा फोन आला, "ही फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडते." ते ॲप तर आता कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी मी काकांकडे गेले तर सेल्वीनं हसतच दार उघडलं. "सर फार चांगले आहेत मॅडम. सकाळपासून मला शाबास म्हणतायत." तमिळमध्येही तो शब्द कौतुकाचाच. बिचारी दर वेळी हात जोडून आभार मानत होती. आतून काका ओरडले, "शाबास!" तो आवाज शाबासकीचा नव्हता. मी जवळ गेले. घामानं उशी भिजली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओटीपोट दगडासारखं झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना धावत बोलावून आणलं. काकांना लावलेली लघवीची नळी तुंबली होती. त्यांनी ती बदलली तेव्हा काकांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "मंगळवार." आम्हां दोघींना काही कळेना. शेवटी सेल्वीनंच अंदाजानं पाण्याचा पेला ओठांशी धरला.

अक्का शुद्धीवर आल्यावर हे सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि नर्सकडे साबण आणि पाणी मागितलं. पडल्या पडल्या भांड्यात हात धुतले. मी म्हटलं, "फुकटचं असंच असतं अक्का."

"फुकट म्हणून नव्हता मा मी विश्वास ठेवला. नीट चालत होतं म्हणून ठेवला." मग छताकडे बघत म्हणाल्या, "घर त्यांचं, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. आत माझा नवरा."

घरी आल्यावर वॉकरला टेकून त्यांनी सगळे शब्द पुन्हा जमवले. या वेळी साध्या मजकुराची फाइल, कुठल्याही यंत्रावर उघडेल अशी. तिची एक प्रत माझ्याकडे, एक सेल्वीच्या फोनवर, आणि एक छापून फ्रिजला चिकटवलेली. पुढे घरी कुणी काहीही विकायला आलं, बँकेचा माणूस असो की केबलचा, अक्का त्याचं गोड बोलणं मध्येच तोडत. "पोदुम, पुरे. आत कसं यायचं ते नको सांगू. बाहेर कसं पडायचं ते दाखव." बहुतेकांना दाखवता येत नसे. त्या कंपनीलाही त्यांनी तक्रार पाठवली होती. 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे,' असं उत्तर आलं. ते वाचून या वेळी मी हात धुऊन आले.

रावकाका त्यानंतर वर्षभर जगले, आणि सेल्वीला त्यांची सगळी भाषा येऊ लागली. ते गेल्यावर अक्का तंजावरला बहिणीकडे राहायला गेल्या. एग्मोर स्टेशनवर मी त्यांना गाडीत बसवून दिलं. रडल्या नाहीत. खिडकीतून म्हणाल्या, "सेल्वीला चांगलं घर बघून दे."

परवा ऑफिसात एक जाहिरात दिसली. ज्यांनी ते ॲप बंद केलं त्याच लोकांनी नवं काढलंय. फुकट. 'तुमच्या आठवणी, कायम तुमच्या.' शेजारच्या मुलींनी घेतलंही होतं. मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली. एकीनं लगेच काढून टाकलं, दुसरी म्हणाली, "एवढी मोठी कंपनी आहे मॅडम."

संताप आवरेना म्हणून मी अक्कांना फोन केला.

"शब्द मी परत लिहिले मा," त्या म्हणाल्या. "फोटो आहेत, पुष्कळ आहेत. पण दुसऱ्यांदा मी त्यांचा आवाज नाही घेतला. माणूस समोर होतं ना, सुचलंच नाही. त्यांचा आवाज तेवढा त्या लोकांकडे राहिला."