तारखेची अदलाबदल

बायकोच्या व्हिसा-खात्याचा पासवर्ड मी एका अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आणि खाली 'धन्यवाद साहेब' असंही लिहिलं.

मुलगी अमेरिकेत. तिचे दिवस दिवाळीत भरणार होते आणि बाळंतपणाला जाणाऱ्या तिच्या आईची व्हिसाची मुलाखत लागली होती संक्रांतीनंतर. आजी पोचेस्तोवर नातवंड पालथं पडलं असतं. बायको लाडवाचा डिंक निवडताना उसासे टाकत होती. हे प्रकरण आपणच गुपचूप मार्गी लावावं, असं मला वाटलं. मला असं काही वाटलं की घरात काहीतरी बिघडतंच.

तो माणूस एका ग्रुपवर भेटला. "सर, एका पार्टीला आधीची तारीख मिळाली आहे, तिला उशिराची पाहिजे. अदलाबदल करून देतो. पैसे काम झाल्यावर." दुसऱ्या कुणाला संशय आला असता. पण मी ऊर्जानगरला वीजकेंद्रात सव्वीस वर्षं पाळ्या केल्यात. माझी रात्रपाळी तू कर, तुझी सकाळची मी करतो. साहेबाची एक सही, झालं. सासुरवाडीची सगळी लग्नं मी अशीच गाठली. अमेरिकेच्या कचेरीतही असंच एखादं रजिस्टर असेल, असं मी धरून चाललो.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सुरक्षा प्रश्न आलाय. मॅडमची पहिली शाळा कोणत्या गावात?" सासुरवाडी अहेरीची. मी छातीठोकपणे कळवलं, अहेरी. चुकलं. स्पेलिंग बदलून दिलं. तेही चुकलं. तिसऱ्या खेपेला खातंच बंद पडलं. तो भडकला, "सर, बायकोची शाळा माहीत नाही तुम्हाला?" ठगानंही माझ्या संसाराची लाज काढावी!

स्वयंपाकघरात जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुही पयली शाळा कुठी होती वं?"

"भामरागडले. बाबाची बदली होती तिथी. काऊन?"

मग सगळं सांगावंच लागलं. तिनं तिथल्या तिथे मुलीला फोन लावला.

"बाबा, अशी अदलाबदल नसतेच!" मुलगी ओरडली. "कोणी तारीख सोडली की ती त्याच सरकारी साइटवर दिसते. आपली आपणच बदलायची, तेही मोजक्याच वेळा. खातं त्याच्या हातात गेलं असतं तर आहे ती तारीखही गेली असती. मग आई कधी येणार होती, बाळाच्या शाळेच्या अ‍ॅडमिशनले?"

खातं पुन्हा उघडल्यावर बायकोनं पासवर्ड बदलला. नवा मला सांगितला नाही. भामरागडला पुरानं रस्ता तुटला की लोक रोज जाऊन पाणी उतरलं का ते पाहून येतात. तशी ती रोज सकाळी चहाआधी साइट उघडायची, एकदा पाहायची आणि बंद करायची. विसाव्या की बाविसाव्या दिवशी तारीख दिसली: कुणीतरी सोडलेली, दसऱ्याच्या आधीची. तिनं चष्मा पुसून दोनदा वाचली आणि घेऊन टाकली. मला कळलं ते चहात साखर जास्त पडली म्हणून.

आता निदान तयारीत तरी आपला उपयोग व्हावा म्हणून मी मुलाखत घेणारा अमेरिकन साहेब होऊन बसलो. "बाई, तुमी वापस येनार कशावरून? काय सांगशीन?"

"सांगन," ती म्हणाली, "घरी मानूस एकटा सोडून चालली, अन् त्याच्या हातात फोन हाये."