शिफ्ट बदलून मागणाऱ्या बायका आणि माझी पीएचडी

गेल्या गुरुवारी महाळुंग्यात, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते आणि फोनवर मेल आला. पीएचडीला माझी निवड झाली... तीही फेलोशिपसकट. वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मी तो मेल चार वेळा वाचला आणि ताट तसंच ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले.

विषय सांगितला की लोक दोनदा विचारतात. कुटुंब आणि घरगुती हिंसाचाराचं अर्थशास्त्र. असाही अभ्यास असतो हे मलाही मागच्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. एमए इकॉनॉमिक्स करून मी अकरा वर्षं टाइम ऑफिसला आहे... हजेरी, रजा, शिफ्टचे बदल, हेच माझं काम.

तर झालं असं. आमच्या असेंब्ली लाइनवर एक ताई आहेत, मंगलताई म्हणू. नाव आणि दोन-तीन तपशील बदललेत, आणि ही पोस्ट टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवली आहे. मूळच्या बीडकडच्या, हात इतका साफ की त्यांचा पीस कधी रिजेक्ट होत नाही.

या ताई वर्षानुवर्षं एकच अर्ज द्यायच्या... मला कायम सेकंड शिफ्ट द्या, दुपारी तीन ते रात्री अकराची. कारणाच्या रकान्यात 'घरगुती'. बायका सहसा सकाळची फर्स्ट मागतात, म्हणून मला ते विचित्र वाटायचं. एकदा मी अर्ज नामंजूर केला. नियम सगळ्यांना सारखा, असं वर ऐकवलंसुद्धा.

त्या महिन्यात त्या सहा दिवस गैरहजर राहिल्या. मी त्यांना मेमो दिला. त्यांनी मुकाट्याने सही केली.

पुढे त्यांना लाइन लीडर करायचं ठरलं. पगार वाढणार होता, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाची जनरल शिफ्ट घ्यावी लागणार होती. त्यांनी सरळ नकार दिला. मी त्यांना ऑफिसमध्ये बसवून घेतलं आणि म्हटलं, "ताई, असं कोण करतं? कारण तरी सांगा."

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाल्या, "मॅडम, आमचे हे फर्स्टला असतात. ते घरी येतात तवा मी निघालेली असते. मी येते तवा ते झोपलेले. भेट होत नाही, म्हणून मार बसत नाही."

मेमोची कॉपी मागच्याच कपाटात होती. माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठं माहीत होतं."

त्या दिवसापासून मी अर्जांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. बढती नाकारणाऱ्या, ओव्हरटाइमला आधी हात वर करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशीही यायला तयार असणाऱ्या... यातल्या किती जणी पैशासाठी येतात आणि किती घरापासून लांब राहायला? पुस्तकात आम्ही शिकलो होतो की माणूस जास्त पगाराचं काम निवडतो. इथे एक बाई पगार सोडून सुरक्षित तास विकत घेत होती.

नेमकी त्याच सुमारास एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. हाच विषय. पंधरा दिवस घाबरत घाबरत प्रपोजल लिहिलं. भोसरीला आमचं घर गावठाणात, सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "असल्या गोष्टी लिहायच्या आसत्यात व्हय?" आणि थोड्या वेळाने, "लिही. आमी न्हाई बोललो कदी."

इंटरव्ह्यूत एका सरांनी विचारलं, बायका खरं सांगतील कशावरून? मी प्रश्नावली, गोपनीयता असं काहीबाही सांगितलं. निवड झाली खरी... पण ते उत्तर कच्चं होतं, हे माझं मला कळत होतं.

म्हणून गुरुवारी मेल आल्यावर मी आधी मंगलताईंना गाठलं. त्या सेकंडला येऊन लॉकरपाशी ॲप्रन घालत होत्या. बातमी सांगितली तर त्या मनापासून हसल्या, आणि लगेच विचारलं, "मग बायांना इचारणार काय?"

मी माझा पहिला प्रश्न वाचून दाखवला... गेल्या वर्षभरात तुम्हाला घरात मारहाण झाली आहे का?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "कुणीच हो म्हणणार नाही. मी पण नसतं म्हटलं. शिफ्ट कोणती मागता आणि का, तेवढं इचारा. बाकीचं बाई आपसूक सांगती. आन् घरी येऊ नका, कंपनीत पण नको. शनिवारी चाकणच्या बाजारात या. तिथं बाई कुणापाशीबी उभी राहिली तरी कुणी इचारत नाही."

अकरा वर्षं मी ज्यांची हजेरी लावली, त्यांनी दोन मिनिटांत माझी रिसर्च मेथड दुरुस्त केली... लॉकरपाशी, ॲप्रनच्या नाड्या बांधता बांधता.

परवा शनिवारी गेले. विद्यापीठाच्या परवानग्या यायच्यात, म्हणून मुलाखती नाहीत, वहीसुद्धा नेली नाही. भाजीच्या पालांमधून मंगलताईंबरोबर नुसती हिंडले. त्यांनी तिघी-चौघींशी ओळख करून दिली, "या आमच्या मॅडम, शिफ्टवर अभ्यास करणार आहेत." त्यातली एक मेथीची जुडी निवडत म्हणाली, "मग माझ्याशी बोला कधीतरी."

पुढच्या महिन्यात राजीनामा देते आहे. आनंद मावत नाहीये. मंगलताईंचं घर अजून तसंच आहे, हे मात्र विसरता येत नाही.

थिसिसच्या सुरुवातीला सगळ्यांचे आभार मानायची पद्धत असते. ज्यांच्यामुळे तो लिहिला जाणार आहे, त्यांचं नाव मला तिथे कधीच छापता येणार नाही. म्हणून इथेच, नावाशिवाय... ताई, तुमचे आभार.