आमच्या अज्जांनी पहाटे ऐकलेलं रिकामं जातं

आज कुणाची तिथी हाय, सांगा बघू.

न्हाय न्हवं आठवत? ठाऊक हुतं मला. कुणाच्या लग्नात होळगीवर, म्हणजे पुरणपोळीवर, तूप कमी वाढलं, ते बरं ध्यानात राहतंय तुमच्या!

आमच्या अज्जांची तिथी. अज्जा म्हणजे माझ्या बापाचे वडील.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात ग्रुपवर टाइप करते. चुकलं तर तिचं, चांगलं वाटलं तर माझं.

अज्जांचा तेलाचा घाणा होता. शिक्षण सहीपुरतं. पण कुणाचा बैल विहिरीत पडला, कुणाची लेक सासरहून रडत आली, की पहिली हाक अज्जांना.

महाराजांचं राज्य होतं. अशाच माणसाला दरबारानं मुन्शिपाल्टीचा मेंबर केलं. गल्लीला कोण आनंद!

आणि मग गाठीची साथ आली. प्लेग.

घरात मेलेला उंदीर सापडला की माणसं उंदराकडं बघायची नाहीत. एकमेकांकडं बघायची.

आजारी माणसाला गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत न्यायचं, असा हुकूम. तिकडं गेलेला परत येत नाही, असं सगळ्या गावाला वाटायचं. म्हणून लोक आपलं माणूस लपवायचे. कणगीमागं, वैरणीत, कुठंही.

ते शोधून गाडीत घालायचं काम मेंबरचं. म्हणजे अज्जांचं.

अज्जा कुणाचं दार वाजवत नसत. पहाटे गल्लीतून नुसते चालत. तेव्हा घरोघरी पहाटे दळण असायचं. ज्या घरातलं जातं मुकं, तिथं कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं.

लोक काय कमी हुशार? दळायला जीव थाऱ्यावर कुणाचा, म्हणून दाणा न टाकता नुसतंच जातं फिरवायला लागले.

पण रिकामं जातं लपत नाही हो. दगडावर दगड खरखरतो. अंगावर काटा येतो.

समोरच्या शिवाप्पाच्या घरातून तसाच आवाज आला. आत त्याची म्हातारी आई तापानं फणफणलेली.

"मेंबर, आई हाय ती माझी."

"कळतंय रं शिवाप्पा. पर घरात लेकरं हाईत तुझी."

म्हातारीला गाडीत बसवलं. गल्लीच्या तोंडापर्यंत अज्जा सोबत गेले आणि थांबले. गाडी पुढं गेली.

ते नेहमी तिथंच थांबायचे. माळाची भीती त्यांनाही होतीच की.

थोडेच दिवस गेले. अज्जा पहाटेची फेरी संपवून घराकडं वळले.

आणि आपल्याच घरातून खरखर ऐकू आली.

पुढचं मला गंगाअत्तीनं सांगितलं. माझ्या बापाची थोरली बहीण. तेव्हा परकरी पोर. काखेत गाठ आलेली, अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, तिला पेंडीच्या पोत्यांमागं निजवलेलं.

अत्ती म्हणायची, "दारात अण्णांचं पाय वाजायचं थांबलं. सख्खा बाप, पर मला वाटलं, आता धरून नेणार. बापाचं भ्या वाटलं गं मला."

अज्जा आत आले.

"जात्यात काय हाय?"

"जोंधळं," अव्वा म्हणाली. हात थांबवला नाही.

"न्हाईत."

"समद्यांची नेलीसा. माझी न्हाय द्यायची. तुमी बाप हाईसा का मेंबर?"

अज्जा मटकन खाली बसले. समोर स्वतःच्या दारात शिवाप्पा उभा. सगळं ऐकत होता.

अज्जा उठले. म्हणाले, "मेंबर गल्लीच्या तोंडाशी थांबतोय. बाप हाय म्हणून पुढं जातो. हिच्या संगं ऱ्हातो."

आणि पोरीला खांद्यावर घेऊन चालत निघाले.

"त्यांची छाती अशी उडत हुती," अत्ती सांगायची, "मला वाटलं, ताप मला न्हाय, त्यांनाच आलाय."

माळावर औषध होतं. पण घोटभर पाणी पाजायला घरचं कुणी नव्हतं. भीतीनं कुणी फिरकतच नव्हतं.

अज्जांनी आधी शिवाप्पाच्या आईची चौकशी केली.

ती गेली होती. जवळ कुणी नसताना.

संध्याकाळी शिवाप्पा भाकरीचं गठुळं घेऊन आला. कुंपणापलीकडं, लांब उभा राहिला.

"मेंबर, आई?"

अज्जा कुंपणाशी आले. मग म्हणाले, "मी तवाच पुढं याया पायजे हुतो, शिवाप्पा."

शिवाप्पानं गठुळं जमिनीवर ठेवलं आणि वळून निघून गेला.

अज्जांना वाटलं, हा आता पुन्हा येत नाही.

दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. तोंड उघडलं नाही, पण भाकरी चुकवली नाही.

गंगाअत्ती वाचली. अज्जा मात्र साथ सरेपर्यंत माळावरच राहिले. तिथूनच दरबाराला निरोप धाडला, आजाऱ्याजवळ घरचं एक माणूस बसू द्या. परवानगी मिळाली, मग कुंपणाशी उभं राहून वाटेनं जाणाऱ्या गल्लीतल्या माणसांना हाका मारल्या, "मी बसलोय. तुमी बी या."

थरथरत आले लोक. पण आले. लपवालपवी हळूहळू थांबली.

मी अज्जांना बघितलं ते अगदी म्हातारपणी. तेव्हाही कुणाला ताप आला की त्याच्या उशाशी जाऊन बसायचे.

मी विचारलं, "अज्जा, भ्या वाटत न्हाय?"

"वाटतंय की. म्हणून तर बसतोय. हुभं ऱ्हायलं की पाय पळत्यात."

अज्जा, तुमच्या पायावर डोकं ठेवते. भ्या मलाही वाटतंय, ह्या वयात जरा जास्तच. पण पळत न्हाय, बसून हाय.

आणि तुम्ही, फोटोला फुलं टाकणारे! इथं हात जोडलेलं चित्र टाकून पळू नका. पेढेही पाठवू नका.

सरकारी दवाखान्यात जावा. पेशंटला जेवण मिळतंय. कॉटखाली सतरंजी टाकून बसलेल्या त्याच्या घरच्या माणसाला कोण विचारत न्हाय.

त्याला जोंधळ्याची भाकरी, झुणका आणि दही पाठवा. कडंला ठेचा ठेवा, जागून जागून तोंडाची चव गेलेली असती त्याच्या.

भाकरी गरम असतानाच न्या.