जेवणाच्या टेबलामागचं पॅनेल

सटाण्याहून नणंदेचा फोन आला. तिच्या मुलीने बँकेच्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा पार केली होती आणि आता फक्त मुलाखत उरली होती.

"दहा दिवस तुमच्याकडे ठेवते तिला, वहिनी. दादा बँकेच्याच लायनीत आहे ना."

दादा म्हणजे माझा नवरा. तो नाशिक रोडला प्रेसमध्ये आहे. तिथे नोटा छापतात, हे खरं. पण तो तिथे विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. सासरच्या माणसांना हा फरक समजावण्याचा प्रयत्न आम्ही लग्नापासून करतो आहोत. त्यांचं म्हणणं साधं असतं. ज्याच्या कारखान्यात नोट तयार होते त्याला बँक कळत नाही, असं कसं होईल? एका चुलत सासऱ्यांनी तर भर पंगतीत त्याला विचारलं होतं, की हल्ली नोटेचा कागद एवढा हलका का करता. त्याने वैतागून "पुढच्या खेपेला बघतो" असं सांगितलं, तेव्हापासून त्याचं वजन फारच वाढलं.

भाची आली. शांत, हुशार, उत्तरं तयार असलेली मुलगी. तिने तिसावं गाठलं होतं. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडली, की या परीक्षेला बसताच येणार नव्हतं. याआधी दोनदा ती मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली होती. ही शेवटची खेप. हे तिने मला पहिल्याच दिवशी मेथी निवडताना सांगितलं, रडण्याचा आवाज न काढता. त्यामुळे मी जास्तच पेटले.

मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, पण वीस वर्षं हौशी नाटकांच्या स्पर्धांमध्ये कामं केली आहेत. एक राणी, तीन सावत्र आया आणि दोन न्यायाधीश माझ्या नावावर आहेत. मुलाखत म्हणजे प्रवेश, संवाद आणि एक्झिट. यात मला न येण्यासारखं काय होतं? मी जेवणाचं टेबल भिंतीला समांतर लावलं, त्यावर पलंगपोस टाकला आणि मागे तीन खुर्च्या ठेवल्या. मधली माझी. उजवीकडे नवरा, कारण त्याच्याच कीर्तीवर हा प्रयोग लागला होता. डावीकडे खालच्या मजल्यावरचे काका. ते बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे आमच्यातले एकमेव खरे जाणकार. अडचण एवढीच होती, की ते निवृत्त होऊनही पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि त्यांच्या डोक्यातली बँक अजून जाडजूड लेजरवर चालत होती.

पहिल्या दिवशी भाचीने दारावर टकटक केलं, आत आली, बसली. काकांनी विचारलं, "रेपो दर म्हणजे काय, बाळ?"

तिने दोन वाक्यांत सांगितलं. मध्यवर्ती बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते, त्यावरचा व्याजदर. आम्हा तिघांपैकी कोणालाही त्यात चूक सापडली नाही, आणि तिथेच आमचं बिनसलं. पॅनेलवर बसल्यावर चूक सापडायलाच हवी, असं प्रत्येकाला आतून वाटत असतं.

"उत्तर बरोबर आहे, पण फार लवकर संपलं," मी म्हणाले. "बोलण्याआधी एक थांबा घे. खिडकीकडे बघ."

"खिडकीकडे का बघायचं?" नवरा म्हणाला. "त्यांना वाटेल हिला पळून जायचंय."

"आधी पार्श्वभूमी सांगावी," काका म्हणाले. "आमच्या वेळी साहेब विचारायचे एक, आणि आम्ही सुरुवात करायचो राष्ट्रीयीकरणापासून."

चौथ्या दिवसापर्यंत तिचं रेपो दराचं उत्तर राष्ट्रीयीकरणापासून सुरू होऊन, खिडकीवरून फिरून, मध्येच कुठेतरी हरवू लागलं. मुलाखत हिंदीत होणार होती, म्हणून मी अध्यक्ष म्हणून हिंदी बोलायचे. माझी हिंदी ही न्यायाधीशाच्या भूमिकेतली. "मोहतरमा, क्या आप अपनी सफ़ाई में कुछ कहना चाहेंगी?" असं विचारलं, की बिचारी दचकायची.

सगळ्यात जास्त घोळ एका प्रश्नावर झाला. बँकेतच का यायचंय? काकांचं उत्तर होतं, जनतेच्या विश्वासाचं जतन करण्यासाठी. नवऱ्याचं उत्तर, कायम नोकरी आणि वेळेवर पगार, खोटं कशाला बोला. माझ्या उत्तरात महिला, स्वप्न आणि उंबरठा हे तिन्ही शब्द होते. तिला विचारलं तर ती म्हणाली, "पप्पा कांद्याच्या खळ्यावर सगळ्यांवर ओरडतात. हमाल, ड्रायव्हर, आम्ही, कोणी सुटत नाही. बँकेत मात्र काउंटरवरच्या मॅडमसमोर एकदम हळू बोलायचे. मी लहान होते. मला त्या मॅडमच्या जागी बसावंसं वाटलं."

आम्ही तिघांनी एकमताने ते उत्तर फेटाळलं. दहा दिवसांत आमचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट.

आठव्या दिवशी ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "मामी, माले काहीच समजी नही ऱ्हायनं." घाबरली, की ती अहिराणीवर जाते. मी म्हणाले, प्रयोगाच्या आधी असं होतंच. मनात मात्र मलाही काही कळेनासं झालं होतं. ही मुलगी आली तेव्हा तिला सगळं येत होतं. मग आम्ही तिला नक्की काय शिकवत होतो?

मुलाखत पुण्याला होती. मी तिच्यासोबत गेले. बाहेरच्या फुटपाथवर इतर उमेदवारांच्या आई-बापांबरोबर तीन तास बसले आणि प्रत्येकाकडून एकेक नवा सल्ला ऐकला. एक जण म्हणाले, निळा शर्ट घातला की निवड होते. आमच्या भाचीने क्रीम रंगाचा कुडता घातला होता. मी विषय बदलला.

ती बाहेर आली आणि थेट स्टँडकडे चालू लागली. परतीची बस नारायणगावला चहासाठी थांबली तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"मामी, मी पाणी दिलं."

"कोणाला?"

"पॅनेलला."

आमच्याकडे काकांना खोकल्याची सवय. ते खोकले, की ती उत्तर अर्ध्यावर सोडून उठायची, त्यांना पाणी द्यायची आणि परत येऊन बसायची. घरात मोठं माणूस खोकलं तर मुलीने पाणी देऊ नये, असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दहा दिवस आम्ही त्याचीही तालीम करून घेत होतो.

"एक सर खोकले," ती म्हणाली. "मी कधी उठले मलाच कळलं नाही. कोपऱ्यात पाण्याचा जग होता. ग्लास भरला, त्यांना दिला, खुर्चीवर येऊन वाक्य पुरं केलं."

"मग?"

"मग मधल्या मॅडम म्हणाल्या, 'मुझे भी दीजिए।'"

ही थट्टा होती, तहान होती, की परीक्षाच होती, यावर आम्ही संगमनेरपर्यंत वाद घातला.

"आणि बँकच का, ते विचारलं?"

"विचारलं ना. मला तुमची तिन्ही उत्तरं एकदम आठवली, मग एकही सांगता येईना. पप्पांचं सांगून टाकलं."

"कोणी काही लिहून घेतलं?"

"एका सरांनी पेन उघडलं."

"हे चांगलं झालं."

"मग बंद करून खिशात ठेवलं."

पुढचे काही आठवडे मी त्या पेनाचा विचार करत काढले. सकाळी वाटायचं, इतके गुण दिले की लिहायची गरजच उरली नाही. संध्याकाळी वाटायचं, पोरीची शेवटची संधी आमच्या पलंगपोसाने घालवली.

निकालाच्या दिवशी नणंदेचा फोन आला आणि त्यातून आधी नुसताच गलका ऐकू आला. निवड झाली होती. मी स्वयंपाकघरातच दोन गिरक्या घेतल्या. नंतर भाची फोनवर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मामी, तुम्हाला म्हणून सांगते. मुलाखतीत काठावर निघाले. लेखीने तारलं."

म्हणजे पाण्याने तारलं नाही, पप्पांनी तारलं नाही, आणि आम्ही तर नाहीच नाही. की पाणी दिलं नसतं तर काठही गाठला नसता? आम्ही हातच लावला नसता तर ती पहिली आली असती? हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सटाण्यात आता सांगतायत, मामाने आतून सेटिंग लावली."

मी पेढे घेऊन खाली गेले. दार काकांनीच उघडलं. त्यांच्या मागे काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"निवड झाली, काका."

"मुलाखतीत किती पडले?"

मी पेढ्याचा खोका उघडून पुढे केला, एक थांबा घेतला आणि म्हणाले, "भरपूर."

काकांनी पेढा घेतला आणि मागे वळून काकूंना एवढंच म्हणाले, "बघ."