एपितागी म्हणजे हुकूम

"तोंड उघड," मडमबाई म्हणाल्या.

मी उघडलं. जुन्नरच्या मिशनच्या ओसरीवर आम्ही लग्नाच्या वयाच्या मुली रांगेत उभ्या होतो. समोर खुर्चीवर नवरा. आंबेगावकडचा बिजवर, मिशनचाच उपदेशक. बायको मेलेली, घरात लहान पोरं. मडमबाईंनी माझी हनुवटी धरून वर केली आणि त्याला माझे दात दाखवले. "निरोगी आहे. कामाला चांगली." बाजारात बैल घेताना असंच करतात. बैलाला निदान लाज तरी वाटत नाही.

त्याने हळूच विचारलं, "कुनाची हाय?"

"दुष्काळातली आहे," मडमबाई म्हणाल्या.

कुणाचीच नाही, असा त्याचा अर्थ. अहो, होते मला आईबाप! डिंभ्याच्या महारवाड्यात, घोडनदीच्या काठी. दुष्काळात दोघं एकामागोमाग गेले आणि मिशनच्या साहेबांनी मला बैलगाडीत घालून इथे आणलं. खाऊ घातलं, वाचायला शिकवलं. ते मी नाकारत नाही. पण माझ्या बापाला नाव होतं, आणि त्या दिवशी ते कुणी घेतलं नाही.

रांग दरवर्षी लागायची. नवऱ्याने बोट दाखवायचं, साहेबांनी मान हलवायची, पुढच्या रविवारी लग्न. मुलीला कुणी विचारत नसे. त्या माणसाचं बोट माझ्यावर थांबलं. साहेब म्हणाले, "ही प्रभूची आज्ञा समज."

मी घाबरले. प्रभूला मी मनापासून मानत होते. आजही मानते. त्याचीच आज्ञा असती तर रडत का होईना, मी त्या बिजवराचा संसार केला असता.

साहेबांना ग्रीक भाषेचं फार वेड. रविवारच्या वर्गात त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, "शास्त्रात मूळ शब्द आहे एपितागी. वरच्याने खालच्याला दिलेला हुकूम. कप्तान शिपायाला देतो तसा. तिथे का म्हणून विचारायचं नसतं." मुलींनी तो शब्द घोकून पाठ केला. मला घोकावा लागला नाही. पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून माझ्या बापाने जन्मभर तोच ऐकला होता. फक्त मराठीत.

म्हणून मी तो हुकूम शोधायला बसले. कुठे लिहिलाय ते डोळ्यांनी बघितलं की मन तरी गप्प बसेल, असं वाटलं. पवित्र शास्त्रातल्या प्रेषित पौलाच्या पत्रात लग्नाचा अध्याय सापडला. तिथे त्याने स्वच्छ लिहिलं होतं की कुमारिकांविषयी प्रभूची आज्ञा आपल्यापाशी नाही, आपण फक्त आपलं मत देतो आहोत. मी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

पुस्तक घेऊन तशीच साहेबांच्या टेबलापुढे गेले. "साहेब, हितं आज्ञा म्हनलंय. त्यो तुमचा ग्रीक शबुद त्योच का?"

त्यांनी ग्रीक पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "तोच," ते म्हणाले.

उघडलं नाही! म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी रांग लावताना, दरवर्षी एकेका पोरीला 'प्रभूची आज्ञा' म्हणून गाडीत बसवताना ठाऊक होतं. शिकलेला माणूस चुकला असता तर मी माफ केलं असतं. हा चुकला नव्हता. माझ्या अंगाची आग झाली. ती अजून विझलेली नाही.

"म्हंजी हुकूम न्हाई," मी म्हणाले.

"हुकूम नाही. पण आम्ही तुझं भलं..."

"मंग मी लगीन करनार न्हाई."

मडमबाई दारातच होत्या. "महारवाड्यातून उचलून आणली, आमचं अन्न खाल्लंस, आणि आम्हालाच शिकवतेस?"

बापाचं नाव आठवलं नाही, महारवाडा मात्र बरा आठवला.

मी म्हणाले, "अन्न दिलंत, उपकार झालं. पर त्यापायी मला इकू नगा."

दुसऱ्या दिवशी मला फाटकाबाहेर काढलं. पुस्तकही काढून घेतलं. पत्रातली ती ओळ मात्र त्यांना काढून घेता आली नाही. जुन्नरच्या महारवाड्यात एका म्हातारीने मला आसरा दिला. आता मी गवत कापते, भारा बाजारात विकते आणि माझं मी खाते. मिशनच्या मुली कुकडी नदीवर धुणं घेऊन येतात. मी शेजारच्या दगडावर बसते आणि त्यांना सांगते, की तुमच्याविषयी असा हुकूम देवाने कुणालाही दिलेला नाही. विचारा साहेबांना. त्यांना माहीत आहे.

या वर्षी दोघींनी विचारलं. परवा साहेबांचा निरोप आला, मी त्यांच्या मुली बिघडवते म्हणून.

बिघडवते. उद्याही बिघडवीन. एकेकीला गाठून बिघडवीन, आणि ती रांग मोडल्याशिवाय नदीवरून उठणार नाही.